एकाच उतारावरच्या तीन जमिनी: कुठे काय घालायचं, कुठे हात आखडता घ्यायचा

प्रश्न असा आला आहे: शेत एकच, पण उताराचं. वरच्या अंगाला मुरमाड हलकी जमीन, मध्ये बऱ्यापैकी मध्यम, खाली भारी काळी. त्या काळीच्याही अगदी खालच्या कोपऱ्यात उन्हाळ्यात पांढरा थर फुलून येतो आणि तिथे पीक धरतच नाही. दोन वर्षं सगळीकडे सारखंच शेणखत पसरून झालंय. आता कोणी सांगतंय काळीत वाळू मिसळा, कोणी म्हणतंय चुना टाका, कोपऱ्यासाठी जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम देणाऱ्या खनिजाचा, सल्ला मिळालाय. सोबत माती परीक्षणाचे दोन अहवाल आहेत. वरच्या जमिनीचा सामू (pH) 7.1 आणि सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के. खालच्या काळीचा सामू 8.1, कर्ब 0.52 टक्के आणि मुक्त चुनखडी 5 टक्के. कोपऱ्यातला नमुना घेतलेलाच नाही.

घाईत असाल तर उत्तर एवढंच: वाळू नको. चुना तर मुळीच नको. जिप्सम लागेलही, पण आधी पाण्याला बाहेर जायला वाट हवी. शेणखत मुरमाड, काळी आणि कोपरा, तिन्ही ठिकाणी हवं, मात्र तीन वेगळ्या कामांसाठी. मी पंचवीस वर्षं मातीचे नमुने तपासतोय आणि त्यातला बराच वेळ प्रयोगशाळेपेक्षा शेतातल्या खड्ड्यात उतरण्यात गेलाय, म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहितो.

आधी आपल्या बोलण्यातला एक घोळ निस्तरू. ‘जमिनीचा पोत सुधारा’ हे वाक्य इतकं रुळलंय की पोत म्हणजे जमिनीची तब्येत असाच अर्थ झालाय. मृदाशास्त्रात पोत म्हणजे फक्त कणांच्या आकाराचा हिशेब. 2 ते 0.05 मिलिमीटरचे कण म्हणजे वाळू, 0.05 ते 0.002 पर्यंतचे म्हणजे पोयटा आणि त्याहून बारीक ती चिकण. हे प्रमाण खत घालून बदलत नाही, नांगरून बदलत नाही, तुमच्या-माझ्या हयातीत बदलत नाही. बदलते ती घडण, म्हणजे हे कण एकमेकांना कसे धरून आहेत, त्यांचे रवे झालेत की ढेकळं, मध्ये हवा-पाण्याला किती जागा उरलीय. कापडाचंच घ्या. सूत तेच ठेवून वीण घट्ट करता येते, सैल करता येते. जमीन सुधारणं म्हणजे जवळजवळ नेहमी वीण सुधारणं. सुताच्या मागे लागलेले लोक पैसे घालवून बसतात.

तुमच्या तिन्ही जमिनींचं सूत काय आहे हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. लिंबाएवढी माती घ्या, खडे-मुळ्या वेचून काढा, थेंब थेंब पाणी घालत मळा. हाताला चिकटायची थांबली की ओलावा बरोबर झाला. आता अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत दाबत तिची पट्टी पुढे ढकला. मुरमाड जमिनीतल्या मातीची पट्टी होतच नाही, गोळाच फुटतो आणि बोटांना खरखर लागते. मध्यम जमिनीची पट्टी दोन-अडीच सेंटिमीटर निघते आणि स्वतःच्या वजनाने तुटते. भारी काळीची पाच-सात सेंटिमीटर लांब, गुळगुळीत, चकाकणारी पट्टी लोंबते आणि तुटत नाही. पोयटा जास्त असला तर हात पिठात घातल्यासारखा मऊ वाटतो, पण पट्टी चकाकत नाही. दहा-बारा वेळा केलं की बोटांना सवय होते, मग प्रयोगशाळेच्या आकड्याशी फारसा फरक पडत नाही.

ज्यांचा बोटांवर विश्वास नाही त्यांनी उभट काचेची बरणी घ्यावी. एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर, पाच-दहा मिनिटं जोरात हलवायची आणि हलणार नाही अशा जागी ठेवायची. पहिल्या मिनिटाभरात तळाला बसते ती वाळू. दोनेक तासांत त्यावर पोयटा बसतो. चिकण मात्र पाण्यात तरंगत राहते. काळ्या मातीचं पाणी चार-चार दिवस गढूळ राहिलेलं मी पाहिलंय. थरांची जाडी मोजली की प्रमाण कळतं.

आता वाळूचा हिशेब. एक हेक्टर जमिनीचा वरचा 15 सेंटिमीटरचा थर साधारण 2,240 टन भरतो. तुमच्या काळीत 60 टक्के चिकण आहे असं धरलं तर ती झाली 1,344 टन. ती 40 टक्क्यांवर आणायची तर एकूण माती 3,360 टन व्हायला हवी, म्हणजे 1,120 टन वाळू आणून ओतायला हवी. दहा टनांच्या 112 गाड्या, एका हेक्टरला, फक्त वरच्या 15 सेंटिमीटरसाठी. आणि एवढं करूनही 40 टक्के चिकण म्हणजे भारी जमीनच राहिली. प्रत्यक्षात लोक पाच-दहा गाड्या टाकतात. ती वाळू चिकणमातीच्या मांडीत जाऊन बसते, मोकळी जागा वाढण्याऐवजी भरून निघते आणि वाळल्यावर जमीन पूर्वीपेक्षा टणक होते. गाड्याभर वाळू टाकून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारे नशीबवान. बाकीच्यांच्या जमिनीची वीट झालेली असते.

उलटा व्यवहार मात्र परवडतो. हलक्या जमिनीत थोडी चिकण घातली तरी फरक दिसतो, कारण चिकणमातीची ताकद वजनात नसून पृष्ठभागात असते. एक ग्रॅम भरड वाळूचे सगळे कण उलगडून पसरले तर जेमतेम वीस-तीस चौरस सेंटिमीटर जागा व्यापतील. काळ्या मातीत असते त्या जातीची एक ग्रॅम चिकण 600 ते 800 चौरस मीटर व्यापते. पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवायची ती याच पृष्ठभागावर. म्हणून तुमच्या वरच्या मुरमाड तुकड्यावर तलावातला किंवा बंधाऱ्यातला गाळ पसरणं हा सूत बदलण्याचा एकमेव शहाणा प्रकार आहे. एका हेक्टरवर अडीच सेंटिमीटरचा थर द्यायला 250 घनमीटर, म्हणजे तीनशे टनांच्या आसपास गाळ लागतो. हेही कमी नाही, पण तुकड्या-तुकड्याने तीन-चार वर्षांत जमतं. गाळ उचलण्यापूर्वी त्याची क्षारता तपासा, आणि पट्टी करून बघा. बऱ्याचदा ‘गाळ’ म्हणून जे येतं ती काठावरची वाळू असते, आणि मुरमात वाळू ओतून काय मिळणार?

एकाच शेतात या तीन जमिनी आल्या कशा, हे समजलं तर पुढचं आपोआप सोपं होतं. खडक तिन्हीकडे एकच असणार. वरच्या अंगाला पाणी थांबत नाही, झिजलेली बारीक माती प्रत्येक पावसात खाली जाते, मागे उरतो मुरूम. ती बारीक माती तळाशी साचते, सोबत विरघळलेला चुना आणि क्षारही उतरतात. शेकडो-हजारो वर्षं हेच चाललंय. 1930च्या दशकात पूर्व आफ्रिकेत जमिनींचा नकाशा करणाऱ्या जेफ्री मिल्न यांना डोंगरामागून डोंगर हीच मांडणी दिसली आणि त्यांनी तिला साखळीसाठीचा लॅटिन शब्द दिला, कॅटेना. साखळी म्हणायचं कारण असं की एक कडी ओढली की दुसरी हलते. तुमच्या खालच्या कोपऱ्यातला पांढरा थर खाली तयार झालेला नाही, तो वरून आलाय. वर पाणी मुरत नाही, उताराने खाली सरकतं, आणि कोपऱ्यात अडतं. त्यामुळे कोपऱ्यावरचा अर्धा उपाय वरच्या तुकड्यावर करायचा आहे.

वरचा तुकडा. इथे पहिला प्रश्न खताचा नाही, खोलीचा. कुदळ घेऊन खड्डा खणा आणि मुळं शिरू शकतील अशी माती किती खोल आहे ते मोजा. पंचवीस सेंटिमीटरच्या आत मुरूम लागत असेल तर खोल मुळांचं पीक तिथे कितीही खत घालून साधणार नाही, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. वाळूसर माती एक मीटर खोलीत पिकाला उपयोगी पडेल असं जेमतेम पाच ते आठ सेंटिमीटर पाणी धरते, मध्यम पोयटा पंधरा-सतराच्या घरात. तुमच्याकडे खोली पाव मीटर असेल तर वरच्या तुकड्याची टाकी दीड-दोन सेंटिमीटरची झाली. ती उन्हात चार दिवसांत रिकामी होते. म्हणून इथे पाणी थोडं थोडं आणि वारंवार. खतही तसंच. एकदम दिलेलं नत्र पहिल्या जोराच्या पावसात मुळांच्या खाली निघून जातं.

शेणखताचं इथलं काम म्हणजे पाणी धरणं. चांगलं कुजलेलं द्या, दर वर्षी द्या आणि वर आच्छादन ठेवा, कारण हलक्या जमिनीत हवा खेळती असते आणि सेंद्रिय पदार्थ झपाट्याने जळून जातो. पृष्ठभागावरचे लहान खडे वेचून टाकायचा उत्साह दाखवू नका. ते थेंबांचा मार झेलतात आणि बाष्पीभवन थोपवतात. मोठे दगड औजाराच्या आड येतात, तेवढेच बाजूला काढा आणि त्यांचीच समतल रेषेवर ताल, म्हणजे आडवा दगडी बांध, घाला. उताराला आडवी पेरणी, तालीच्या मागे साचणारी माती, वर गवताची एक पट्टी: या तीन गोष्टींनी वरचं पाणी वरच मुरायला लागतं आणि खालच्या कोपऱ्याकडे जाणारा लोंढा कमी होतो.

मधल्या तुकड्याबद्दल फार लिहीत नाही. तो चांगला आहे. वर्षाआड एकदा द्विदल पीक फिरवा, काडीकचरा जाळू नका, रोटाव्हेटर कमी चालवा. चांगली जमीन जास्तीत जास्त बिघडते ती अति मशागतीने.

आता काळी. काळी म्हणजे सुपीक, हा समज रंगामुळे झालाय. युक्रेन-रशियाच्या गवताळ प्रदेशातली काळी माती खरोखर सेंद्रिय पदार्थाने काळी आहे. आपण ज्या फुगणाऱ्या-भेगाळणाऱ्या जमिनीला काळी म्हणतो तिचा काळेपणा चिकणमातीच्या कणाशी घट्ट बांधलेल्या थोड्याशा ह्युमसमुळे असतो. तुमचाच अहवाल बघा: एवढी काळीभोर, आणि कर्ब 0.52 टक्के. रंगावर जाऊन ‘हिला खताची गरज नाही’ असं ठरवू नका.

हिची खरी श्रीमंती चिकणमातीच्या जातीत आहे. हे कण पत्त्यांच्या कॅटासारखे थरांचे असतात आणि थरांमध्ये पाणी शिरू शकतं. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात, कधी पाऊल अडकेल एवढ्या. त्या भेगांत वरची माती पडते, पुन्हा पाऊस आला की आतली माती फुगून वर ढकलली जाते. जमीन स्वतःलाच हळूहळू घुसळत असते. खड्डा खणलात तर अर्ध्या-एक मीटर खाली ढेकळांच्या अंगावर तिरके, घासून चकाकलेले पृष्ठभाग दिसतील. दोन मोठे गोळे एकमेकांवरून सरकल्याची ती खूण. या जातीच्या चिकणमातीमुळे अन्नद्रव्यं धरायची क्षमता भरपूर, पण पाण्याच्या बाबतीत मात्र स्वभाव विचित्र. भेगा उघड्या असताना पाणी धो-धो आत जातं. एकदा भेगा मिटल्या की तासाला पाच मिलिमीटरही मुरत नाही. आणि साठलेल्या पाण्यापैकी मोठा हिस्सा कण इतका घट्ट धरून बसतात की मुळांना तो ओढता येत नाही. म्हणूनच काळीत माती हाताला ओलसर लागते आणि वर पीक सुकलेलं असतं. नवख्याला हे खोटं वाटतं.

या जमिनीची सगळी कला एका शब्दात आहे: वाफसा. धड ओली नाही, धड सुकी नाही, अशी ती मधली अवस्था. ती ओळखायची कशी? दहा-पंधरा सेंटिमीटर खालची माती मुठीत दाबा. हाताला लेप बसला तर थांबा. गोळा झाला आणि अंगठ्याने टिचकी मारल्यावर रव्यांत फुटला, तर औत काढा. गोळाच होत नसेल तर उशीर झाला, आता ढेकळंच निघणार. हलक्या जमिनीत वाफसा आठवडाभर रेंगाळतो, काळीत एखाद-दोन दिवस. मी स्वतः एका वर्षी, पाऊस परत येईल या धास्तीने, एक दिवस आधी ट्रॅक्टर घातला होता. चाकाच्या पट्ट्यात माती शिसवीसारखी चकाकली, तेव्हाच कळायला हवं होतं. पुढचे दोन हंगाम त्या पट्ट्यातलं पीक वीतभर खुजं राहिलं, दोन सरळ रेषांत, लांबूनही दिसेल असं. येणारा-जाणारा विचारायचा, ‘इथे खत कमी पडलं का?’ खत सारखंच होतं. मुळं वीस सेंटिमीटरवर जाऊन आडवी वळली होती.

तो दाबलेला थर तुमच्याकडेही असणार. लोखंडी सळई ओल्या जमिनीत हाताने खुपसत जा. जिथे अचानक अडेल आणि जोर देऊन पार झाल्यावर पुन्हा सैल लागेल, तो नांगराचा तळ. तोडायचा असेल तर उन्हाळ्यात, खालपर्यंत पूर्ण वाळलेल्या जमिनीत. ओल्यात खोल औजार घातलं तर तडा जाण्याऐवजी नुसती चीर पडते आणि तिच्या भिंती आणखी लिंपल्या जातात. तुम्ही काळीला दोन-तीन उन्हाळे नीट तापू दिलं तर बऱ्याच वेळा ती स्वतःच तो थर भेगांनी फोडते. हा मान इतर जमिनींना नाही.

काळीत शेणखताचं काम पाणी धरणं नाही, पाणी सोडणं आहे. जिवाणू आणि बुरशी सेंद्रिय पदार्थ खाताना जो चिकट पदार्थ सोडतात तो बारीक कणांचे रवे बांधतो, आणि रव्यांच्या मधून पाणी वाहतं. पण किती घालून किती फरक पडेल, याबद्दल लोकांच्या अपेक्षा अवाच्या सवा असतात. कर्ब 0.52 वरून 0.62 वर न्यायचा तर त्या 2,240 टनांत 2,240 किलो कर्ब टिकून राहायला हवा. निम्मं पाणी असलेल्या शेणखतात साधारण 15 टक्के कर्ब असतो, आणि त्यातला पाचवा हिस्सा जरी जमिनीत टिकला तरी भरपूर. म्हणजे टनामागे तीसेक किलो. भागाकार केला तर हेक्टरी 75 टनांच्या आसपास आलं. दोन वर्षांत अहवालातला आकडा हलला नाही म्हणून निराश होऊ नका, आणि ‘तीन महिन्यांत कर्ब दुप्पट’ अशी बाटली कोणी विकत असेल तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

आकडा हलत नाही, तरी घडण मात्र लवकर सुधारते. ती मोजायची पद्धत सोपी आहे. बांधावरच्या गवताखालचं एक वाळलेलं ढेकूळ आणि शेतातलं एक, दोन्ही पाण्याच्या ग्लासात हळूच सोडा. गवताखालचं तसंच्या तसं बसून राहील. शेतातलं पाच मिनिटांत ढासळेल. दोघांचा पोत एक, पाऊस एक, ऊन एक. फरक पडला तो वर्षभर जिवंत असलेल्या मुळांमुळे. म्हणून काळीत मी बाहेरून खत आणण्यापेक्षा जागच्या जागी मुळं वाढवण्यावर जास्त भर देतो. ताग किंवा धैंचा पेरा आणि फुलावर यायच्या सुमारास, म्हणजे सहा-सात आठवड्यांत गाडा. फुलं येऊन खोड जून झालं की कर्बाच्या मानाने नत्र कमी पडतं आणि कुजवणारे जिवाणू पुढच्या पिकाच्या तोंडचं नत्र ओढतात. गव्हाच्या काडात एका भाग नत्राला 80 भाग कर्ब असतो, लाकडी भुशात तर चारशेच्या पुढे. जिवाणूंना लागतं पंचवीसच्या आसपास. म्हणून भुसा, काड कधी ताजं गाडू नका, वर आच्छादन म्हणून खुशाल पसरा.

पेरणी रुंद गादीवाफ्यावर करा आणि बाजूच्या सरीला हलका, एकसारखा उतार द्या. काळीत मुळं मरतात ती बहुतेक वेळा हवेअभावी. वाफा नुसता वीतभर उंच केला तरी वरच्या थराला श्वास मिळतो. या एका बदलाने जेवढा फरक पडलेला मी पाहिलाय तेवढा कुठल्याही भूसुधारकाने पडलेला पाहिला नाही.

सामू 8.1 चं काय? काही नाही. तो खाली आणायचा नाद सोडा. तुमच्या जमिनीत मुक्त चुनखडी 5 टक्के आहे, म्हणजे वरच्या थरात 112 टन चुना. तो संपल्याशिवाय सामू हलणार नाही, आणि तो संपवायला हेक्टरी 36 टन गंधक लागेल. थैलीभर गंधकाने सामू उतरवण्याच्या गप्पा इथेच संपतात. अशा जमिनीत लोह, जस्त आणि स्फुरद अडकतं, तेवढ्यापुरते उपाय करा: स्फुरद शेतभर न विखरता बियाण्याच्या जवळ ओळीत द्या, कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली तर लोहाची फवारणी. गंधक द्यायचं ते पिकाचं अन्न म्हणून थोडं द्या. आणि चुना टाकायचा सल्ला ज्यांनी दिला त्यांनी तो अतिपावसाच्या तांबड्या, आम्ल जमिनीवरून उचलला असणार. तिथे सामू 5.5 च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं मारतं आणि चुना हाच उपाय असतो. तुमच्याकडे चुना घालणं म्हणजे समुद्रात मीठ टाकणं.

राहिला कोपरा, आणि इथे सगळ्यात जास्त चुका होतात. पांढरा थर दिसला की सरसकट ‘क्षारपड’ म्हणून जिप्सम आणलं जातं. पण रोग दोन आहेत. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त झालेले असतात: विद्युत वाहकता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, सामू 8.5 च्या आत. माती भुसभुशीत असते, पाणी बऱ्यापैकी मुरतं, पण क्षारांमुळे मुळांना ते ओढता येत नाही. चोपण जमिनीत क्षार कमी असले तरी मातीच्या कणांवर सोडियम चढून बसलेला असतो: विनिमययोग्य (म्हणजे कणांवर बसलेला, दुसऱ्या क्षाराने हुसकता येणारा) सोडियम 15 टक्क्यांच्या वर, सामू 8.5 च्या पुढे. ही माती ओली असताना बुळबुळीत, वाळली की दगड. पाणी वरच्या वर साचून राहतं, डबकं दिवसेंदिवस गढूळ. खारवट जमिनीला पाण्याने धुवायचं असतं. चोपणला आधी कॅल्शियम देऊन सोडियम हुसकायचा आणि मग धुवायचं असतं. आणि दोन्ही रोग एकत्र असलेली जमीन नुसती धुतली तर क्षार जातात, सोडियम राहतो, आणि खारवटाची चोपण होते. हे मी शेतकऱ्याच्या हाताने झालेलं पाहिलंय. पहिल्या वर्षी पांढरा थर गेला म्हणून आनंद, दुसऱ्या वर्षी नांगर शिरेना.

ओळखायचं कसं? पुन्हा ग्लास आणि ढेकूळ, फक्त या वेळी पाणी पावसाचं किंवा ऊर्ध्वपातित घ्या आणि हलवू नका. ढेकूळ ढासळलं पण भोवतीचं पाणी स्वच्छ राहिलं तर सोडियमचा जोर नाही. ढेकळाभोवती धुरासारखं गढूळ वलय पसरायला लागलं तर सोडियम आहे. सोडियमचा आयन (भारित कण) स्वतःभोवती पाण्याचं जाड आवरण घेऊन बसतो, त्यामुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून दूर लोटले जातात. तोच तो धूर. खारवट आणि चोपण एकत्र असेल तर क्षारांमुळे वलय उशिरा दिसतं, म्हणून दोन तास तरी थांबा.

चोपण निघाली तर जिप्समचा अंदाज असा. शंभर ग्रॅम मातीमागे एक मिलीइक्विव्हॅलंट (प्रयोगशाळेचं भार मोजायचं एकक) सोडियम काढायला, 15 सेंटिमीटर थरासाठी, हेक्टरी सुमारे 1.9 टन शुद्ध जिप्सम लागतं. काळीची विनिमय क्षमता, म्हणजे कण एकूण किती भारित द्रव्यं धरू शकतात ती, त्याच एककात 50 धरा आणि सोडियम 20 टक्क्यांवरून 10 वर आणायचा म्हणा. पाच मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे साडेनऊ टन. पोत्या-दोन पोत्यांनी काही होत नाही ते यामुळे. शिवाय जिप्सम पाण्यात कमी विरघळतं, लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास. साडेनऊ टन विरघळवायलाच अडतीस-चाळीस सेंटिमीटर पाणी मातीतून जावं लागेल. ते पाणी खाली कुठे जाणार, हा प्रश्न आधी सोडवायचा.

म्हणून जिप्समच्या आधी एक भोक. गिरमिटाने दोन मीटर खोल खणा, त्यात छिद्रं पाडलेला पाईप उभा करा आणि पंधरवड्यातून एकदा काठीने पाण्याची पातळी मोजा. पातळी दीड मीटरच्या आत येत असेल तर केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, पाणी वर चढत राहणार, उडून जाणार आणि क्षार पृष्ठभागावर सोडत राहणार. अशा जमिनीत वरून काहीही ओता, बादली फुटकी आहे. एका बागायतीत दोन वर्षं हप्त्या-हप्त्याने जिप्सम टाकलं होतं आणि निचऱ्याचा चर मात्र ‘जागा वाया जाते’ म्हणून बुजवला होता. मी गेलो तेव्हा मातीत जिप्समचे पांढरे खडे तसेच पडलेले, आणि चप्पल रुतेल एवढं पाणी. चर उघडल्यावर दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच जिप्समने काम केलं, नवीन काही टाकावं लागलं नाही.

तुमच्याकडे उतार आहे, ही जमेची बाजू. कोपऱ्याच्या वरच्या कडेला, काळी सुरू होते तिथे, उताराला आडवा एक चर काढून वरून पाझरणारं पाणी बाहेर वळवा. तेवढ्यानेच कोपऱ्यातली पातळी उतरू शकते. कोपऱ्याच्या खालून दुसरी वाट द्या. मग धुणं: 30 सेंटिमीटर मातीतून 30 सेंटिमीटर पाणी खाली गेलं तर त्या थरातले सुमारे 80 टक्के क्षार जातात. शेणखताचं इथलं काम तिसरं. कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीतल्याच चुन्याला विरघळवतो आणि तुमची 5 टक्के चुनखडी फुकटचं कॅल्शियम पुरवायला लागते. धैंच्याची मुळंही तेच करतात आणि धैंचा क्षार बऱ्यापैकी सोसतो. म्हणून त्या कोपऱ्यात पहिलं पीक धैंचाच.

आता नमुना. कोपऱ्यात पाच-सहा ठिकाणी, पांढरा थर न खरवडता, तीन खोल्यांवरून माती घ्या: 0 ते 15, 15 ते 30 आणि 30 ते 60 सेंटिमीटर, तिन्ही वेगळ्या पिशव्यांत. सामू, वाहकता आणि विनिमययोग्य सोडियम एवढंच तपासायला सांगा. वाहकता वरच्या थरात सर्वांत जास्त आणि खाली उतरत गेलेली निघाली तर पाणी अजून खालून वर येतंय, पहिला चर तातडीने काढा. वर कमी आणि 30 ते 60 मध्ये जास्त निघाली तर पावसाने धुण्याचं काम आधीच सुरू केलंय. मग वरच्या कडेचा चर आणि धैंचा एवढ्यावर एक हंगाम थांबा, जिप्समचं पुढच्या अहवालावर ठरवू.